पटावरचा डोंगर, चित्रातला हत्ती

कार्तिकी पौर्णिमेची सकाळ. चातुर्मास संपला की शत्रुंजयाची यात्रा या दिवसापासून पुन्हा सुरू होते. ज्यांना पालिताण्याला जाणे शक्य नसते, असे श्रावक-श्राविका आपापल्या गावीच शत्रुंजयाच्या पटासमोर भावयात्रा करतात. अशा एखाद्या पटापुढे हात जोडून उभ्या असलेल्या आजीचे डोळे पाहावेत. तिची नजर तळेटीपासून निघते, वळणे घेत वर चढते, हिंगळाजच्या हड्याशी क्षणभर विसावते, रामपोळीतून आत शिरते आणि दादा आदीश्वरांच्या मंदिरापाशी येऊन स्थिरावते. शेजारी उभ्या असलेल्या शाळकरी नातवाला मात्र निराळीच शंका येते. तो विचारतो, "आजी, खालची माणसं आणि वरची माणसं एवढी सारखी कशी? वरची तर लांब आहेत ना?"

शंका बालिश नाही. दूरचे लहान, जवळचे मोठे, हा चित्रकलेच्या तासाला शिकलेला नियम तो पटाला लावून पाहत असतो. आजीला हा नियम कोणी शिकविलेला नाही आणि पट वाचताना तिचे त्यावाचून काही अडतही नाही. एकाच घरातली दोन माणसे एकाच कापडाकडे पाहतात, पण डोंगराची चढण त्यांना दोन वेगळ्या वाटांनी कळते. सपाट पृष्ठभागावरचे दूर-जवळ माणसाला कळते तरी कसे, आणि ते सर्वांना सारखेच कळते का, हा प्रश्न गेल्या शतकात मानसशास्त्रज्ञांनीही विचारला. त्यांच्या उत्तरांत श्रमिकांच्या समजशक्तीविषयीचा निवाडा गुंतलेला होता. म्हणून ती हकीकत मुळापासून समजून घेण्यासारखी आहे.

सपाट कागदावरची खोली

प्रत्यक्ष जगात अंतर ओळखण्यासाठी निसर्गाने माणसाला दोन डोळे दिले आहेत. दोन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या प्रतिमांत किंचित फरक असतो आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ताडतो. डोके जरा हलविले तरी जवळची वस्तू अधिक सरकल्यासारखी वाटते, दूरची कमी. चित्रापुढे हे दोन्ही उपाय निरुपयोगी ठरतात. उलट, समोर सपाट कागद आहे, एवढेच ते सांगतात. त्यामुळे चित्रकाराला खुणांचा आधार घ्यावा लागतो. एका वस्तूने दुसरीचा काही भाग झाकला तर झाकणारी पुढे. दोन माणसांपैकी लहान काढलेले मागे. पायथ्याची वस्तू कागदाच्या तळाशी, लांबची वरच्या बाजूला. समांतर रस्त्याच्या दोन कडा दूर जाताना एकमेकींकडे झुकणाऱ्या. दूरचे गवत दाट व बारीक, दूरचा डोंगर फिकट आणि निळसर.

यांपैकी झुकणाऱ्या रेषांची पद्धत, जिला चित्रकलेत यथादर्शन म्हणतात, तिला एक ठराविक जन्मस्थान आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील फ्लॉरेन्स नगरात ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने तिचे प्रयोग केले आणि १४३५ मध्ये अल्बर्टी या विद्वानाने आपल्या चित्रकलाविषयक ग्रंथात तिचे नियम मांडले. चित्र म्हणजे खिडकी, आणि खिडकीसमोर एका जागी स्थिर उभ्या असलेल्या एका डोळ्याला जे दिसेल तेच चित्र, ही त्या पद्धतीची मुख्य अट होय. छायाचित्रणाचा कॅमेराही असाच एका डोळ्याचा असल्याने पुढे ही पद्धत इतकी सर्वदूर पसरली की, ती चित्र काढण्याची एक रीत आहे, हेच लोक विसरले. डोळ्याला जग असेच दिसते आणि म्हणून चित्रही असेच असले पाहिजे, असे मानले जाऊ लागले. या समजुतीतूनच पुढची गफलत झाली.

भाला कोणावर रोखला आहे?

जोहान्सबर्गमधील राष्ट्रीय कर्मचारी संशोधन संस्था दक्षिण आफ्रिकेतील उद्योगांसाठी कामगारांची निवड आणि प्रशिक्षण या विषयांवर काम करीत असे. तेथील विल्यम हडसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये एका कसोटीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कसोटी म्हणजे साध्या रेषांनी काढलेली काही चित्रे. त्यांतील सर्वांत गाजलेल्या चित्रात एक शिकारी हातात भाला घेऊन उभा आहे. त्याच्यासमोर, चित्राच्या दुसऱ्या बाजूला, एक हरीण आहे. दोघांच्या मधोमध, जरा वरच्या बाजूस, टेकडीवर अगदी लहान आकाराचा हत्ती आहे. कागदावर मोजले तर भाल्याचे टोक हत्तीच्या अधिक जवळ आहे. मात्र हत्तीचा लहान आकार, टेकडीची रेषा, रस्त्याच्या जवळ येत जाणाऱ्या कडा या खुणा वाचणाऱ्याला हत्ती दूर क्षितिजावर दिसतो आणि भाला हरणावर रोखलेला आहे असे कळते.

पाहणाऱ्याला प्रथम चित्रातील वस्तू ओळखायला सांगत. मग विचारत, माणूस काय करतो आहे? त्याच्या अधिक जवळ कोण, हत्ती की हरीण? ज्याने हरीण म्हटले तो चित्रात खोली पाहणारा, ज्याने हत्ती म्हटले तो सपाट पाहणारा, अशी वर्गवारी होती. शाळेत जाणारी मुले, मग ती गोरी असोत वा कृष्णवर्णीय, खोली अधिक प्रमाणात पाहत होती. कधीच शाळेत न गेलेले कृष्णवर्णीय कामगार बहुधा सपाट उत्तर देत. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. शाळा सोडून बराच काळ लोटलेले आणि चित्रे, पुस्तके, नियतकालिके यांच्यापासून दूर एकाकी जगणारे लोक, गोरे असले तरी, खोली कमीच पाहत होते. म्हणजे फरक वर्णाचा नव्हता. शिक्षण आणि घरात-भोवतालात चित्रांचा सराव, या दोन गोष्टी मिळून नजर घडवीत होत्या. हडसनने स्वतःही भर दिला तो यावरच.

तरीही ज्या देशात माणसाचे काम, वस्ती आणि वेतन त्याच्या वर्णावरून ठरत होते, त्या देशात 'सपाट पाहणारा' हे विशेषण निरुपद्रवी राहणे कठीण होते. चित्र न कळणारा तो मंद, असा अर्थ त्यातून काढायला वेळ लागत नाही. वास्तविक ज्या माणसाने हत्ती जवळ आहे असे सांगितले, त्याला जंगलातला हत्ती किती अंतरावर आहे हे कळत नव्हते असे मुळीच नाही. त्याला कळत नव्हती ती एका दूरच्या नगरात जन्मलेली रेखाटनाची लिपी. मोडी न शिकलेल्याला जुनी खातेवही वाचता येत नाही, म्हणून त्याला हिशेब येत नाही असे कोणी म्हणत नाही. चित्राच्या बाबतीत मात्र नेमके तसेच म्हटले जाण्याचा धोका होता.

परीक्षेचीच परीक्षा

पुढील काळात अनेक संशोधकांनी ही कसोटी पुन्हा तपासली. यान डेरेगोव्स्की यांनी झांबियात काम करताना चित्राविषयी प्रश्न विचारण्याऐवजी चित्र दाखवून त्याप्रमाणे काड्यांची प्रतिकृती तयार करायला सांगितली. हडसनच्या कसोटीत 'सपाट' ठरलेल्यांपैकी कित्येकांनी त्रिमितीय प्रतिकृती बांधल्या. तोंडी उत्तरात जे दिसत नव्हते ते हातांनी दाखविले. त्यांनी आणखी एक चतुर प्रयोग केला. दोन दांड्यांतून तीन टोके निघाल्याचा भास करणारी, प्रत्यक्षात घडविता न येणारी त्रिशूळाची आकृती शाळकरी मुलांना दाखविली आणि ती आठवून काढायला सांगितली. चित्रात खोली पाहणाऱ्या मुलांना साध्या त्रिशूळापेक्षा ही फसवी आकृती अधिक वेळ पाहावी लागली, कारण ती घन वस्तू म्हणून जुळविताना मन गोंधळून जाते. सपाट पाहणाऱ्या मुलांना दोन्ही आकृत्यांसाठी जवळजवळ सारखाच वेळ पुरला. त्यांच्या दृष्टीने तो केवळ रेषांचा नमुना होता आणि रेषांच्या नमुन्यात अशक्य असे काही नसते. एका कामी जी नजर 'उणी' ठरली होती, ती दुसऱ्या कामी फसली नाही.

गुस्ताव जाहोडा आणि हॅरी मगर्क यांनी १९७४ च्या सुमारास घाना आणि स्कॉटलंड येथील मुलांना शब्दांत उत्तर न विचारता, चित्रातील माणसे जशी उभी आहेत तशा बाहुल्या पाटावर मांडायला सांगितल्या. प्रश्न विचारण्याची रीत बदलताच लहान मुलांनाही चित्रातील दूर-जवळ बरेचसे उमगते असे दिसून आले आणि हडसनच्या कसोटीवरून वाटावे तेवढे अंतर दोन्ही समाजांत उरले नाही. हडसनच्या चित्रांत गवताचा पोत नव्हता, छटा नव्हत्या, होत्या त्या मोजक्या रेषा. ज्या खुणा सर्वांत अधिक शिकाव्या लागतात त्यांवरच ती कसोटी उभी होती.

इथिओपियातील मेएन या डोंगराळ मुलखातील समाजाची हकीकत तर अधिक बोलकी आहे. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, चित्रांची सवय नसलेल्या लोकांच्या हाती कागदावरचे चित्र देताच त्यांनी आधी कागदच तपासला. तो हुंगला, चुरगाळून त्याचा आवाज ऐकला. त्यांना कागद हीच नवलाची वस्तू होती, मग त्यावरच्या रेषांकडे लक्ष जाणार कसे? म्हणून संशोधकांनी त्यांच्या परिचयाच्या जाड्याभरड्या कापडावर प्राण्यांची मोठी चित्रे छापून नेली. तेव्हा बहुतेकांनी प्राणी ओळखले. काहींना वेळ लागला. आधी शेपटी, मग पाय, मग शिंगे, असे एकेक अवयव ओळखत ते पूर्ण प्राण्यापर्यंत पोहोचले.

वस्तू ओळखणे आणि खोली ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही या अभ्यासांतून स्पष्ट झाले. अमेरिकेतील ज्युलियन हॉकबर्ग आणि व्हर्जिनिया ब्रुक्स यांनी आपल्या मुलाला सुमारे १९ महिन्यांचा होईपर्यंत चित्रांपासून जवळजवळ दूर ठेवले होते. चित्र दाखवून 'हे अमुक' असे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. तरीही पहिल्यांदा रेखाचित्रे दाखविताच त्याने बूट, बाहुली यांसारख्या ओळखीच्या वस्तूंची नावे घेतली. हा निष्कर्ष १९६२ चा. रेषेतून वस्तू ओळखण्याची देणगी बरीचशी उपजत दिसते. कागदावरचे अंतर वाचण्याची रीत मात्र प्रत्येक समाज आपापल्या मुलांना, बहुधा नकळत, शिकवीत असतो.

जैन पटांची लिपी

हडसनच्या चित्रासमोर बसलेला कामगार आणि शत्रुंजयाच्या पटासमोर उभा राहिलेला नातू यांच्यात म्हणूनच फार फरक नाही. दोघांसमोर एक अपरिचित लिपी आहे. कामगाराला परीक्षकाची लिपी येत नव्हती, नातवाला स्वतःच्या पणजोबांची येत नाही.

ही लिपी कशी आहे? शत्रुंजयाच्या पटात डोंगर समोरून दिसतो, पण त्यावरची वाट वरून पाहिल्यासारखी उलगडते. साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्यांची ती चढण एका जागी उभे राहून कोणालाच पूर्ण दिसणार नाही, कारण एक वळण दुसऱ्याला झाकते. पटकाराने म्हणूनच एका जागी उभे राहणे नाकारले. तो यात्रेकरूबरोबर चालतो. प्रत्येक मंदिर त्याने समोरून पाहिले, प्रत्येक टूंकेचा कोट वरून पाहिला आणि यात्रेकरूंना वाटेवर जेथे गाठले तेथे त्यांच्या पूर्ण उंचीत रेखाटले. वरची माणसे लहान नाहीत, कारण ती वर पोहोचली तेव्हा चित्रकाराची नजरही त्यांच्यासोबत वर पोहोचलेली होती. आजीची नजर तळेटीपासून निघते ती याचसाठी. पटाची रचना तिला चालायलाच सांगते.

समवसरणाचे चित्र याहून स्पष्ट आहे. तीन गड वरून पाहिल्यासारखे वर्तुळाकार किंवा चौकोनी, चारही द्वारे चार दिशांना, आणि मध्यभागी तीर्थंकर समोरून. समवसरणात भगवंत चारही दिशांना सन्मुख दिसतात, अशी परंपरा आहे. एकाच जागी उभ्या असलेल्या एका डोळ्याच्या नियमाने हे चित्र काढायचे ठरविले तर तीन द्वारे आणि तीन दिशांची सभा झाकली जाईल. अढाई द्वीपाच्या पटातही जंबुद्वीप, लवण समुद्र, धातकीखंड आणि पुढचे वलय वरून दिसतात, पण त्यांतील पर्वत, वृक्ष आणि मासे बाजूने. ज्या वस्तूची ओळख ज्या बाजूने नीट पटते, ती त्या बाजूने दाखवावी, हा या पद्धतीचा नियम आहे. त्यात अज्ञान नाही, निवड आहे.

कल्पसूत्राच्या हस्तलिखितांतही हीच निवड दिसते. सुरुवातीची चित्रे ताडपत्राच्या अरुंद पट्टीवर काढली जात. चौदाव्या शतकापासून कागदाचा वापर वाढला. मांडू येथे १४३९ मध्ये आणि जौनपूर येथे १४६५ मध्ये लिहिलेल्या सचित्र प्रती कलेच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. सपाट लाल किंवा निळी पार्श्वभूमी, एकावर एक रचलेले प्रसंग, आणि चेहऱ्याच्या रेषेबाहेर आलेला परला डोळा ही त्यांची खूण. वेरुळच्या भित्तिचित्रांतील पाऊण वळलेल्या चेहऱ्यांत या डोळ्याचे पूर्वरूप अभ्यासकांना दिसते. पलीकडचा गाल हळूहळू आटत गेला, डोळा मात्र राहिला, कारण दोन डोळ्यांवाचून व्यक्ती पूर्ण वाटत नव्हती. पर्युषणात बारसासूत्राच्या वाचनाच्या वेळी संघाला चित्रांचे दर्शन घडविण्याची प्रथा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ठाऊक असते की ती चित्रे लांबून निरखण्यासाठी नसतात. प्रसंग आठवून देण्यासाठी असतात.

नजर कधी बदलली?

जैन समाजाने नवी चित्ररीत कधी नाकारली, असेही नाही. १६१० मध्ये आग्र्याच्या संघाने विजयसेनसूरींना पाठविलेले विज्ञप्तिपत्र शालिवाहन या जहांगीरकालीन चित्रकाराने रंगविले. त्यात पर्युषणातील अमारीच्या फर्मानाचा प्रसंग मोगल दरबारी शैलीत आला आहे. व्यापारी ज्या नगरात गेले त्या नगराची कलाही त्यांनी जाणली, पण घरची लिपी त्यासाठी टाकून दिली नाही.

मोठा बदल झाला तो एकोणिसाव्या शतकात. १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेत युरोपीय पद्धतीचे रेखाटन शिकविले जाऊ लागले. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला, आणि तेथील रंगीत छापील चित्रांनी घरोघरच्या भिंती व्यापल्या. मग दिनदर्शिका आल्या, छायाचित्रे आली, चित्रपट आले आणि आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. दोन-तीन पिढ्यांत नजर एवढी बदलली की, जुन्या पटाला 'प्रमाण चुकलेले' म्हणणे सुशिक्षितपणाचे लक्षण वाटू लागले. जोहान्सबर्गच्या परीक्षकाने कामगाराला जे माप लावले, तेच माप अशा वेळी घरातल्या वारशाला लावले जाते.

अनेकांताची शिकवण लहानपणापासून ऐकणाऱ्या घरांत ही चूक ओळखणे अवघड नसावे. यथादर्शन खोटे नाही. एका जागेवरून, एका क्षणी, एका डोळ्याने पाहिलेले ते सत्य आहे. पटही खोटा नाही. चालत, थांबत, अनेक बाजूंनी पाहिलेले ते सत्य आहे. एका नयाने पूर्ण वस्तू सांगितल्याचा दावा केला की चूक होते. हत्ती आणि आंधळ्यांच्या दृष्टांतातला हत्ती सर्वांच्या परिचयाचा आहे. हडसनच्या चित्रातला छोटासा हत्तीही तीच गोष्ट सांगतो.

पेढीवर आणि गोदामात

या विषयाचा व्यवहाराशी संबंध नाही असे कोणी समजू नये. गोदामात येणाऱ्या खोक्यांवर काचेचा पेला, छत्री, वर जाणारे दोन बाण छापलेले असतात. पेल्याचे चित्र म्हणजे आत पेले आहेत असे नव्हे, तर माल नाजूक आहे. छत्री म्हणजे पाण्यापासून जपा. हे अर्थ चित्रात नाहीत, ते शिकावे लागतात. यंत्राजवळ लावलेला सुरक्षेचा फलक, विजेच्या धोक्याची खूण, उपकरणाची जोडणी दाखविणारी आकृती, या सर्वांना हेच लागू पडते. दूरच्या खेड्यातून नव्याने कामाला आलेल्या माणसाला फलक दाखवून "समजले ना?" असे विचारले तर तो संकोचाने होकार देतो. त्याऐवजी "यात तुम्हाला काय दिसते?" असे विचारावे आणि मुकाट्याने उत्तर ऐकावे. उत्तर अनपेक्षित आले तर माणसात उणीव शोधण्याआधी फलकाकडे पुन्हा पाहावे, आणि जे काम चित्राने झाले नाही ते एकदा हाताने करून दाखवावे. प्रतिकृती बांधणाऱ्या हातांनी झांबियात जे सिद्ध केले, ते कोणत्याही कारखान्यात खरे आहे. एखाद्याचे बोट आणि एखाद्याची नोकरी या एवढ्याशा दक्षतेवर अवलंबून असू शकते.

घरातही हाच उपाय चालतो. नातवाची शंका दडपू नये आणि आजीच्या पटाला चुकीचाही म्हणू नये. दोघांनी एकमेकांची लिपी शिकावी. नातवाने वहीत आगगाडीचे रूळ दूर जाताना जवळ येताना काढून दाखवावेत. आजीला त्यात काही कठीण वाटणार नाही. आणि आजीने त्याचे बोट धरून ते पटाच्या तळाशी, तळेटीच्या पहिल्या पायरीवर टेकवावे. तिने एवढेच सांगावे, "आता इथून चालायला लाग. पळायचं नाही. रामपोळ आली की मला सांग."